आंबोलीच्या धुक्यात पोचलेली तापलेली धूळ

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी चुलीवरून नुकतंच उतरवलेलं बिडं (घावणे घालायचा ओतीव लोखंडाचा तवा) दोन्ही हातांनी उचललं होतं. तापलेलं लोखंड लाल दिसतं, हे तर काळं आहे, म्हणजे निवलं, असा माझा सिद्धान्त. सातवीत विज्ञानात पहिली आले होते ना! पुढचे पंधरा दिवस सासूबाई मला भरवत होत्या आणि अख्खी वाडी नवी नवरी पुन्हा एकदा बघून जात होती.

आता माझी नात मनू नेमक्या असल्याच उजेडाचा अभ्यास करते. डोळ्यांना दिसत नाही, तळव्यांना कळतो, तो अवरक्त. त्यातला तांबड्या रंगाला अगदी खेटून असलेला, तो निकट-अवरक्त. गेल्या श्रावणात ती सुट्टीवर आली आणि मी आंबोलीचा हट्ट धरला. लोक नातवंडांबरोबर परदेशी जातात. आम्ही आमच्या कट्टा गावाहून निघालो, कसालला हायवेची एसटी धरली आणि सावंतवाडीला गाडी बदलली. तेवढ्यात माझ्या पिशवीतले गुळाचे खाजे खाऊन निम्मे झाले होते.

दाणोली मागे पडली, घाट लागला. वळणावळणावर पाणी कोसळत होतं, खिडकीतून तुषार आत येत होते, आणि मनू मात्र फोनवरून मान वर करीना.

"गो, धबधबो बघ! फोनात काय तेच्यापेक्षा मोठा आसा?"

"आहे, आजी. आज दुपारी माझ्या धुळीचा निकाल आहे."

मग तिने मला समजावलं. लांबच्या एका दीर्घिकेच्या पोटात मोठं कृष्णविवर आहे. त्यात पडणारा माल आधी भोवती गरगरत तापतो, त्याची झगझगीत तबकडी होते. तबकडीच्या फार जवळ धूळ टिकतच नाही, तिची वाफ होते. थोडी दूरची धूळ जेमतेम तगते आणि तापून निकट-अवरक्त उजेड टाकते. मध्यंतरी ती तबकडी एकाएकी भडकली. तो उजेड धुळीपर्यंत पोचला की धूळही उजळणार, आणि मध्ये किती दिवस गेले त्यावरून धूळ किती लांब आहे ते कळणार.

"पण तबकडीचाही थोडा निकट-अवरक्त उजेड असतो. तो वजा करावा लागतो."

"म्हणजे दोघी जावा एकदम बोलतत, त्यातलो धाकटीचो आवाज वायलो काढूचो!"

मनू हसली, पण लगेच पुन्हा फोनकडे वळली. तिच्या हिशेबाने धूळ आषाढातच उजळायला हवी होती. उजळली नव्हती. दुर्बिणीवरची तिची वेळ या महिन्यात संपणार होती. कालचं निरीक्षण शेवटचं. त्यातही धूळ ढिम्म राहिली असेल, तर दोन वर्षांचं काम पाण्यात. तिचा सहकारी आज आलेख पाठवणार होता.

आंबोलीला उतरलो तर समोर फक्त धुकं. दरी आहे म्हणतात. मी विश्वास ठेवला. आणि फोनला रेंज नाही! मनूचा चेहरा बघून मला माझा हट्ट टोचायला लागला. रस्त्याकडेच्या टपरीत शिरलो. मालक आप्पा भजी तळत होते. माझ्याच वयाचे, कानात भिकबाळी, डोक्याला मफलर.

"आप्पानू, रेंज खंय गावता?"

"त्या बाकड्यार उभी ऱ्हवान हात वर कर. पाच-धा मिनटांनी एक कांडी येता. नशिबात आसली तर."

झालं! दुर्बिणीची डॉक्टरीण बाकड्यावर चढून हात वर करून उभी. गिऱ्हाइकांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. मला कुठे पोटात राहतं? आप्पा गावच्या देवळात गाऱ्हाणं (देवाला घालायचं साकडं) घालणारे निघाले. त्यांनी झारा खाली ठेवला, मफलर सोडला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चारपाच गिऱ्हाइकं भजी हातात धरून उठली.

"ह्या चेडवान दोन वर्सा जी काय म्हेनत केल्यान, तेका येस दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आभाळातली जी काय धूळ रुसान बसली आसा, ती तापव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज माझा.

मनू लाजून लाल. एवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. चित्र अर्धं आलं, अडकलं. आम्ही सगळे बाकड्याभोवती गोळा. मग उरलेलं उतरलं, आणि पोरगी बाकड्यावरच नाचायला लागली.

"आजी! वर गेलीय रेघ! उशिरा उजळली, म्हणजे धूळ मी धरली होती त्याहून लांब आहे!"

भजी वाटली गेली, चहा झाला, एका ड्रायव्हरने तो आलेख दोनदा समजून घेतला. मी आपली ऐटीत. "बघितलंस? गाऱ्हाणा लागला!"

"आजी, हा उजेड तिथून निघाला तेव्हा माणूसच जन्मला नव्हता. धूळ कधीच उजळून झालीय. आता देव काय करणार?"

परतीची गाडी सुटायची होती, मी खिडकीशी बसले. सातवीतली पहिली पुन्हा तोंडावर आपटली होती. एवढ्यात आप्पा धुक्यातून धावत आले, टपरीत विसरलेली माझी छत्री खिडकीतून आत दिली. मी त्यांना मनूचं म्हणणं ऐकवलं आणि विचारलं, "मगे आमचा गाऱ्हाणा उशिरा झाला, फुकट गेला?"

गाडी सुरू झाली होती. खिडकीबरोबर चालत ते म्हणाले, "वयनी, तुमचो उजेड कोटी वर्सा चलत माझ्या टपरीत इलो, आनी आमचा गाऱ्हाणा तेच्या पाच मिनटा आदी पोचला. ह्येका उशीर म्हनतत?"