इमर्जन्सी गेटसमोर बसलेल्या बावीसजणी

सव्वादहाला आमचे सिक्युरिटी ऑफिसर राव यांचा फोन आला. "मॅडम, ताबडतोब खाली या. एमडी सरांनी आठ बाउन्सर मागवलेत. त्यांची गाडी चादरघाटच्या सिग्नलपर्यंत आलीय."

मी मलकपेठच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये लीगल मॅनेजर होते. गेल्या वर्षी रिटायर झाले. हॉस्पिटलचा नोकरदार वकील कोर्टात क्वचितच उभा राहतो. करार तपासायचे, नोटिशींना उत्तरं द्यायची आणि अधूनमधून वरिष्ठांना सांगायचं की हे तुम्हाला करता येणार नाही. हे तिसरं काम नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं.

खाली गेले. इमर्जन्सी गेटसमोर, अँब्युलन्स वळते त्या उतारावर, हाउसकीपिंगच्या बावीस बायका बसल्या होत्या. निळ्या कोटातच होत्या. घोषणा नाहीत, माइक नाही. पुठ्ठ्यावर तेलुगूत लिहिलं होतं : आम्हालाही हातमोजे हवेत. मध्यभागी यादम्मा. पन्नाशीची, दणकट, चौथ्या मजल्याची सुपरवायझर. आठ वर्षं मी तिला रोज बघत होते. "नमस्ते मॅडम" याच्यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

राव मिलिटरीतून निवृत्त झालेले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दहा मिनिटांपूर्वी एक पेशंट आला, कदम मॅडम. छातीत दुखत होतं. गाडी आत येईना. आम्ही रस्त्यापासून स्ट्रेचर उचलून ओपीडीच्या दारानं नेलं. पाच मिनिटं गेली."

"पेशंट?"

"स्टेबल आहे. पण नसता तर?"

ही बाजू आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना वाचक ती विसरतील. शांतपणे, बिनहत्यारी एकत्र येण्याचा हक्क या देशात प्रत्येकाला आहे. पण दुसऱ्याचा रस्ता अडवण्याचा हक्क त्यात येत नाही, आणि हॉस्पिटलचा इमर्जन्सी रस्ता तर नाहीच नाही. त्या बायका बेकायदेशीर जागी बसल्या होत्या.

मी एमडी सरांच्या, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरांच्या, केबिनमध्ये गेले. ते स्वतः नामांकित सर्जन. तेवीस वर्षांत हॉस्पिटल शून्यातून उभं केलेलं. दुपारी तीनला अॅक्रेडिटेशनची टीम येणार होती. हॉस्पिटलचा दर्जा तपासून सर्टिफिकेट देणारी ही टीम म्हणजे आमच्याकडे परीक्षेचा दिवस.

"सर, बाउन्सर परत पाठवा."

"कदम मॅडम, माझ्या गेटवर अँब्युलन्स अडलीय. मी काय हात बांधून बसू?"

"गार्डला बचावापुरता जोर लावायची परवानगी असते. कोणी अंगावर आलं, काच फोडली, तर. बसलेल्या बाईला उचलून बाजूला ठेवणं हा बचाव होत नाही. ते आठही पुरुष आहेत. एकानं जरी एका बाईच्या दंडाला हात घातला तरी क्रिमिनल केस होईल. त्यांच्यावरही, बोलावणाऱ्यावरही. आणि तो उतार अर्धा महापालिकेचा आहे."

"मग बळ वापरायचं कोणी?"

"पोलिसांनी. तेही रीतसर."

त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "मग पोलीस बोलवा. तीनच्या आत मला गेट मोकळं पाहिजे."

बाउन्सरची गाडी गेटपासून शंभर पावलांवर थांबली. काळ्या टी-शर्टातले आठजण उतरले, समोरच्या इराणी हॉटेलात शिरले आणि चहा पिऊन परत गेले. ते गेले याचं मला बरं वाटलं. त्यांनाही या भानगडीत पडायचं नसावं.

अकराच्या सुमारास आमच्या पोलीस स्टेशनचे इन्स्पेक्टर आले, सीआय श्रीनिवास. सोबत चार कॉन्स्टेबल, चौघेही पुरुष. त्यांनी गेटवर एक फेरी मारली, बायका मोजल्या, अँब्युलन्सचा रस्ता पायांनी मोजला आणि मला बाजूला घेतलं.

"मॅडम, मला अधिकार आहे. नव्या कायद्यात कलम १४८. मी उठायचा हुकूम देणार. ऐकलं नाही तर उचलणार. लागेल तेवढंच बळ, त्याच्यापेक्षा एक बोट जास्त नाही. पण बायकांना हात लावायला लेडी कॉन्स्टेबल लागतील. त्या एका बंदोबस्तावर आहेत. तासाभरात येतील. तोपर्यंत तुम्ही लेखी कंप्लेंट द्या."

"देते."

"त्यात सगळं लिहा. कधीपासून बसल्या, किती आहेत, कशासाठी बसल्यात."

मी पॅड काढलं. पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या. तिसरीपाशी थांबले. कशासाठी बसल्यात हे मला माहीतच नव्हतं. एचआरनं सकाळी मेलमध्ये 'कॉन्ट्रॅक्टरचा अंतर्गत वाद' असं कळवलं होतं. तेच मी मान्य करून टाकलं होतं. पोलीस बोलावले, कायदा समजावला, पण त्या बायकांना एक प्रश्न विचारला नव्हता.

मी उतारावर गेले. साडी सावरून यादम्माच्या समोर खाली बसले. सिमेंट तापलेलं होतं.

"यादम्मा, कैकू बैठे?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग शेजारच्या मुलीचा हात धरून माझ्यापुढे केला. तर्जनीवर चिकटपट्टी होती.

"परसों सुबे आठ बजे, मॅडम. कचरे की थैली में सुई थी. लाल थैली में. सुई तो सफेद डिब्बे में डालना ना? कोई थैली में डाल दिया. ये उठाई, घुस गई. कॉन्ट्रॅक्टर बोला, हॉस्पिटल को पूछो. हॉस्पिटल बोला, तुम हमारे स्टाफ नहीं. कल तीन जने लेटर लेके गए तो तीनों को काम से निकाल दिया."

हॉस्पिटलमध्ये सुई टोचणं ही गोष्ट साधी नसते. ती कोणाच्या रक्तातून आली हे माहीत नसेल तर एचआयव्ही, कावीळ अशा रोगांची भीती असते. त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात, पण त्या ठरलेल्या वेळेत सुरू कराव्या लागतात.

ती मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. मला राव 'कदम मॅडम' म्हणताना तिनं ऐकलं असावं. हळूच मराठीत म्हणाली, "मॅडम, मला काई व्हईल का? लेकरू अंगावर पितंय माझं. दोन दिस झालं, पाजलं नाई मी."

मी सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत शिकले. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात दखनी, असं सगळं आयुष्य गेलं. ऑफिसमध्ये मराठी ऐकायची सवय राहिलेली नव्हती. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. तिचं नाव रेखा. माहेर देगलूरकडचं, नवरा इथे सेंट्रिंगच्या कामावर.

मी उठले आणि कॅज्युअल्टीत गेले. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीला विचारलं, "नीडल प्रिकनंतर गोळ्या किती वेळात द्यायच्या?"

"दोन तासांत दिल्या तर उत्तम. बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, मॅडम. का?"

परवा सकाळी आठ. आता अकरा वाजून गेले होते. एकावन्न तास.

"आत्ता सुरू कर. हाउसकीपिंगची मुलगी आहे."

ती घुटमळली. "कॉन्ट्रॅक्ट स्टाफला द्यायला अॅप्रूव्हल लागतं. लीगलचंच सर्क्युलर आहे."

होतं. माझंच होतं. कॉन्ट्रॅक्टरशी केलेल्या करारात मी एक कलम घातलं होतं : कामगारांच्या सर्व वैद्यकीय बाबींची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरची राहील. त्यावरून ते सर्क्युलर निघालं होतं. तेव्हा ऑडिटरनं माझं कौतुक केलं होतं. खरं तर बायोमेडिकल वेस्टचे सरकारी नियम कॉन्ट्रॅक्ट आणि पर्मनंट असा भेद करत नाहीत. जो कचरा हाताळतो त्याचं लसीकरण, त्याचे हातमोजे, सगळं हॉस्पिटलनं बघायचं असतं. हे मला माहीत होतं. करार लिहिताना ते सोयीस्करपणे बाजूला राहिलं होतं.

मी केसपेपरवर 'लीगल अॅप्रूव्हड' लिहिलं आणि सही केली. मग बाहेर आले.

"रेखा, चल. गोळ्या सुरू करायच्या. दूध पाजण्याचं डॉक्टर नीट सांगतील."

ती उठायला लागली तर यादम्मानं तिचा हात धरला. "नक्को. ये अंदर गई तो पोलीस हमना उठाते. बाद में कौन पूछता?"

"यादम्मा, पोलीस उठवणारच आहेत," मी तिला दखनीत सांगितलं. "आणि ते कायद्यानं बरोबर असेल. सकाळी एक पेशंट रस्त्यावर अडकला होता. छातीत दुखत होतं त्याच्या."

तिला ते माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "वो ठीक है क्या?"

"ठीक आहे."

"मॅडम, कल पूरा दिन हम बाजू की दीवार को बैठे थे. कौन देखा? तुम देखे? आज गेट पे बैठे तो बाउन्सर भी आए, पोलीस भी आए, तुम भी नीचे बैठे."

काल मी त्याच भिंतीजवळ गाडी लावली होती. तिथे बायका बसलेल्या मी पाहिल्या होत्या. डबा खात असतील असं वाटलं होतं.

"आता बघितलं," मी म्हणाले. "असं करू. रेखा माझ्याबरोबर आत येईल. तू पण चल, तुझ्या डोळ्यांसमोर पहिली गोळी देतील. बाकीच्या दहा पावलं डावीकडे सरकतील, पार्किंगच्या भिंतीला. उठून घरी जायचं नाही. तिथं बसा, बोर्ड तिथं लावा. अँब्युलन्सचा रस्ता तेवढा सोडा. आणि तीनच्या आत सर खाली येऊन बोलतील."

"सर आते?"

"आणते."

हे मी कशाच्या जोरावर बोलले ते मला आजही सांगता येणार नाही.

यादम्मानं बायकांशी तेलुगूत बोलणं केलं. वाद झाला. दोघीतिघी चिडल्या होत्या, त्यांना सरकायचं नव्हतं. एकीनं माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. मला तेलुगू चांगलं येतं. 'हीच ती कागद करणारी' असं ती म्हणाली. शेवटी यादम्मा उठली, पुठ्ठा उचलला आणि स्वतः भिंतीपाशी नेऊन टेकवला. एकेक करत सगळ्या तिकडे गेल्या. सीआय श्रीनिवास लांब उभे राहून हे बघत होते. त्यांनी फक्त आपल्या कॉन्स्टेबलला सांगितलं, "त्या बाजूला सावली नाही. पार्किंगचं बॅरिकेड थोडं मागे घे, म्हणजे त्या झाडाखाली येतील."

रेखानं पहिली गोळी पावणेबाराला घेतली. यादम्मा शेजारी उभी होती. तिनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, जणू एक्सपायरीची तारीख तपासतेय. बहुतेक तपासतच होती.

मग मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सुई, सर्क्युलर, माझं कलम, माझी सही. ते चिडले. "मला न विचारता?"

"हो सर. विचारायला वेळ गेला असता."

"आणि मी आता खाली जाऊन त्या बायकांपुढे उभा राहू? टीम तीनला येतेय."

"टीमला कंप्लेंटची कॉपी दिसणारच. त्यात सुईचं लिहावं लागणार. सर, तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कोणाला सुई टोचली तर तुम्ही काय करता?"

ते म्हणाले, "ऑपरेशन थांबवतो. त्याला आधी बाहेर पाठवतो." खुर्चीवरचा कोट उचलला, परत ठेवला आणि शर्टावरच खाली उतरले.

ते काही छान बोलले नाहीत. त्यांना तसं बोलता येत नाही. ते म्हणाले, "तीन बायकांना काढलं ते मला माहीत नव्हतं. उद्यापासून त्या कामावर. सुई लाल पिशवीत कोणी टाकली ते मी शोधणार." यादम्मानं लेखी मागितलं. त्यांनी माझ्या पॅडवर, माझ्याच अर्धवट लिहिलेल्या कंप्लेंटखाली लिहून सही केली.

लेडी कॉन्स्टेबल साडेबाराला आल्या. उतारावर उचलायला कोणी नव्हतं. सीआयनी जाताना विचारलं, "कंप्लेंट देताय की नाही?"

"नाही. पण तुम्हाला बोलवायची मुळीच गरज नव्हती, असं म्हणू नका."

"मी कुठं म्हणतो? या लेडी कॉन्स्टेबल तासभर आधी आल्या असत्या तर मी उचललं असतं, आणि ते कायदेशीरच असतं," ते म्हणाले. "आणि ती मुलगी माझ्या व्हॅनमध्ये बसली असती."

टीम तीनला आली. हातमोज्यांचं ठरायचं बाकी होतं, म्हणून बायका अजून भिंतीजवळच होत्या; त्यांना बघून टीमनं विचारलं. सरांनी खरं सांगितलं. रिपोर्टमध्ये त्रुटी नोंदवली गेली, सुधारणेसाठी मुदत मिळाली आणि सर्टिफिकेट काही महिने उशिरा आलं. त्या महिन्यांत सगळ्या कॉन्ट्रॅक्ट कामगारांना काविळीची लस मिळाली. जाड हातमोजे आले. प्रत्येक वॉर्डात सुयांचा पांढरा डबा भिंतीला पक्का बसवला गेला. ते सर्क्युलर मी रद्द केलं आणि करार नव्यानं लिहिला. यावेळी ऑडिटर काही बोलला नाही.

रेखाच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस चालल्या. उलट्या झाल्या, वजन घटलं, पण तिनं एकही चुकवली नाही. पुढे ठरल्या वेळी तिच्या तपासण्या होत राहिल्या. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा ती मुलाला घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. त्यानं माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि जाईपर्यंत सोडला नाही.

रिटायर होण्याआधी मी नव्या मॅनेजरांचं ट्रेनिंग घ्यायची. त्यात धरण्यावर एक तास असायचा. जमाव बेकायदेशीर कधी ठरतो, हुकूम कोण देऊ शकतो, बळ किती वापरता येतं, सगळं सांगायची. मुलं भराभर लिहून घ्यायची. शेवटी सांगायची की कोणालाही फोन करण्याआधी खाली जाऊन विचारा, काय झालं? त्याला कुठलंही कलम लागत नाही. हे वाक्य मात्र कोणी लिहून घ्यायचं नाही. म्हणून मी ते दोनदा सांगायची.