ग्रेनाशचे फुगलेले मणी

द्राक्षांवर मारतात त्या गंधकाच्या भुकटीचा वास आला की राजगुरुनगरजवळची आमची बाग आठवते. वाइनसाठी लावलेल्या ग्रेनाश द्राक्षांची पहिली तोड होती. वायनरीच्या साहेबांना माल पटला तरच वडील चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडणार होते. साहेबांनी एक मणी चिरडून चाखला. “काका, एवढे फुगले कसे?” वडील खुशीत म्हणाले, “घड फुगवायच्या औषधात बुडवले न्हवं, खायच्या द्राक्षांवानी!” साहेब म्हणाले, “वाइनला बारीकच मणी लागतात. हा माल नाही चालणार.” गाडी गेल्यावर वडिलांनी हळूच विचारलं, “त्यांच्या कराराच्या इंग्रजी कागदात तसं लिवलं व्हतं का रं?” लिहिलं होतं. घरात तो कागद मीच वाचला होता. पण औषध कालवणाऱ्या वडिलांना अडवायची हिंमत झाली नव्हती. मी “नाही” म्हणालो. वडील अजून शिफ्टला जातात, आणि मी अजून खरं सांगितलेलं नाही.