गिऱ्हाईक काढून टाकायचा खर्च

ॲप करून घ्यायचं डोक्यात आलं तेव्हा माझा समज होता, दहा-पंधरा हजारांत काम होईल. वर्ध्यात माझी डेअरी आहे, आणि दुधाचा रतीब पार नाचणगावपर्यंत जातो. नागपूरच्या कंपनीने दोन लाख सांगितले. पुण्याच्या एकाने आकडा सांगायच्या आधीच तीन वेळा मीटिंग घेतली, तिथेच मी काय ते समजलो. शेवटी आमच्याच गल्लीतली, घरी बसून परदेशातली कामं करणारी एक इंजिनिअर मुलगी ऐंशी हजारांना तयार झाली.

एकेका सोयीचा भाव तिने वेगळा सांगितला, आणि मी वांगी घ्यायला बसल्यासारखा घासाघीस करत बसलो. दूध पोचलं नाही तर ॲपनेच दुसऱ्या सकाळी ओरडावं, ही सोय मी हौसेने घेतली. गिऱ्हाईक काढून टाकायच्या सोयीचे दहा हजार वेगळे होते; ती मी छाटली. आमच्या घरची रीतच तशी. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, आणि रतिबाचं नाव कधी खोडत नाहीत. खोडलं की लक्ष्मी पाठ फिरवते म्हणे. मुलगी म्हणाली, पुढे लागेल. मी म्हटलं, आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, जात नाही. तोरा केवढा होता मला!

पहिलं नाव आईचं घातलं. ती नाचणगावच्या घरी एकटी राहायची. रोज एक लिटर. मी जेवायला येतो म्हटलं की आदल्या रात्री ती स्वतः मोबाईलवर बोट दाबून एकाचे दोन करायची, खिरीसाठी. त्या बोटाचा तिला फार अभिमान होता.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. तिच्या मोबाईलचं लॉक कोणालाच उघडेना, म्हणून मी तो बंद करून वर्ध्याला आणला आणि आमच्या कपाटात ठेवला. तिच्या घराला कुलूप लावलं. तेरवी झाली, आणि मी पुन्हा डेअरीत बसू लागलो. सकाळी ॲप उघडलं तर सगळ्यांच्या वर आईची ऑर्डर होती, एक लिटर. दूधवाला अर्थातच तिकडे गेला नाही. दुसऱ्या सकाळी पडद्यावर लाल अक्षरं आली : आई, काल दूध मिळालं नाही.

मग रोजच. मशीनच ते, आपणच पैसे मोजून शिकवलेलं, हे मला कळत होतं. तरी कधी कधी वाटायचं, कुलूपबंद दाराआड ती खरंच भांडं घेऊन बसली आहे. शेवटी मी त्या मुलीला गाठलं. आता अख्खं ॲप उघडावं लागेल, चाळीस हजार पडतील, असं ती म्हणाली. या वेळी मी घासाघीस केली नाही.

ती लॅपटॉप घेऊन डेअरीत आली त्या सकाळी मी मनात एक ठरवलं होतं. हे काम उरकलं की नाचणगावला जायचं आणि घर उघडायचं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुलीने यादी उघडली आणि थांबली.

"काका, ह्या आजीचे आज दोन लिटर कसे?"

मी वाकून पाहिलं. दोनच होते. हे गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरूनच बदलतं ना, असं मी विचारलं. ती हो म्हणाली. मी डेअरीमागच्या आमच्या घरात जाऊन कपाट उघडलं. मोबाईल साडीच्या घडीखाली होता तिथेच होता, बंद, थंडगार.

परत आलो तेव्हा तिचं बोट बटणावर होतं.

"काढू का मंग? एकदा काढलं का वापस येत नाई."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी, सकाळचा नाश्ता झालेला असूनही, मला सपाटून भूक लागली होती.

तिला म्हटलं, आज राहू दे. मग दोन लिटर दूध पिशवीत घेतलं आणि नाचणगावला जायला पुलगावची एसटी धरली.