मधलं रान

माणूस गेला की त्याचे किस्से संपायला हवेत. माझ्या धाकट्या भावाचे, केशवचे, वाढतच चाललेत! दर वर्षी त्याच्या श्राद्धाला पलटणीतले दोघं हदगावला आमच्या घरी येतात, मुरुडचा सोपान आणि अर्धापूरचा बालाजी. जेवणं होतात, सुपारी फुटते आणि सुरू होतं.

माय मात्र दर वर्षी एकच विचारते. सरहद्दीवर आपली चौकी आणि त्यांची चौकी, यांच्या मधल्या पट्ट्यात केशवला गोळी लागली. दिवसभर त्याला उचलता आलं नाही.

"एकटंच व्हतं का रे लेकरू?"

दोघं घाईनं दुसराच किस्सा काढतात.

*

पहिल्या दिवशी साहेबांनी नव्या पोरांना तो पट्टा दाखवला. इथं सुरुंग, तिथं त्यांची मशीनगन. "कोई शक?"

केशव म्हणाला, "साब, इतना अच्छा रान पडीक कायकू रखे?"

*

संध्याकाळी पलीकडचे शिव्या द्यायचे. एकदा केशवनं आपल्या नांदेडी हिंदीत उत्तर दिलं, "हौ, आरा ना मैं! चाय रखो, जल्दी नक्को करो!"

पलीकडच्या शिव्या थांबल्या. मग एका म्हाताऱ्या हवालदाराचा आवाज आला, "ओय, तू फौजी है या कव्वाल?"

दोन्ही खंदकांत हशा! चहा निवायच्या आत फायरिंग पुन्हा चालू.

*

एकदा रजेवरून जाताना त्यानं गोफण नेली, आणि मायकडून पिशवीभर ज्वारी. मातीच्या गोळ्यांत दाणे घालून तो गोफणीनं मधल्या रानात भिरकावायचा. पहिली गोळी पडली तेव्हा पलीकडचे सगळे आडवे झाले! साहेब धावत आले. "क्या फेंक रहा है?"

"पेरणी, साब."

पाठीवर ओझं देऊन त्याला टेकडी चढायला लावली. पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला.

*

ज्वारी कमरेएवढी झाली तसा हवालदार ओरडला, "ओय कव्वाल! ये क्या उगाया?"

"रोटी!"

"फिर तो बाँटनी पड़ेगी!"

हे सांगताना बालाजी हसतो आणि मधेच थांबतो.

*

या वर्षी मायनं पुन्हा विचारलं. बालाजी उठून अंगणात गेला. सोपान खाली बघत म्हणाला, "माय, कणसं भरली व्हती तवा. केशव त्याच ज्वारीत पडला. जरा डोकं वर काढलं की गोळी यायची, आमाला जाता येईना. मंग पाखरं उतराय लागली."

माय त्याच्यासमोर येऊन बसली.

"तर पलीकडून त्याच म्हाताऱ्या हवालदाराचा आवाज. 'हाऽऽ हुर्र!' पाखरं उडाली. पुन्हा उतरली, पुन्हा आवाज. दिस बुडंपर्यंत, माय. मंग पांढरं फडकं दाखवून आम्ही त्याला आणलं."

 माय पदरानं तोंड पुसून म्हणाली, "घसा बसला असंल रे त्याचा."