भोंग्याची फुंकर

आमच्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणतात. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि एरवीही त्याचं तोंड बंद म्हणून नसतं. एकदा तर्र होऊन पठ्ठ्याने बँडची गाडी भिंतीत घातली. भिंत कुठली, तर पोलीस चौकीची! न्यायाधीशबाईंनी तुरुंगाऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात धाडलं. अट अशी, की दर आठवड्याला तिथल्या यंत्रात फुंकायचं. दारू सापडली किंवा फुंकायची टाळाटाळ केली, तर सरळ आत.

त्याने दारू सोडली. खरंच सोडली, मी रोज त्याचं तोंड हुंगत होते, मला कोण फसवणार? पण यंत्र ऐकेल तर शपथ! त्याला हवी लांब, न तुटणारी फुंकर. हा गाल फुगवतो आणि मारतो, तु-तु-तू! यंत्र बंद. पुन्हा फुंकलं, पुन्हा तु-तु-तू. जन्मभर जिभेने हवा तोडून सूर काढलेला माणूस. ओठांना नळी लागली की जीभ आपली आपण चालायला लागते. केंद्रातल्या समुपदेशक बाईंना वाटलं, हा मुद्दाम करतोय. त्यांनी कोर्टाला तसं कळवून टाकलं.

झालं! तारीख लागली. भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. माझं तर डोकंच फिरलं. पीत होता तेव्हा बाहेर आणि सोडली तर तुरुंग?

कोर्टात समुपदेशक बाई यंत्र घेऊन आल्या होत्या. मी मध्येच उठले. "मॅडम, तो टाळत नाहीये हो, ट्रम्पेटवाला आहे तो!" शिपाई मला बसवायला धावला, मी त्यालाच बसवलं आणि सगळं सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ट्रम्पेटवर लांब सूर नसतो का?"

"असतो की, शेवटचा," भोंगा पुटपुटला. "पण आधी सगळं गाणं वाजवावं लागतं."

"मग वाजवा."

अगं बाई! भोंग्याने तोंडाशी मूठ धरली आणि सुरू. तु-तु-तू, तुतुतुतू! सरकारी वकील फायलीवर ठेका धरायला लागले. शिपायाचा पाय हलायला लागला. शेवटचा सूर आला तशी मी ओरडले, "आता!" समुपदेशक बाईंनी मूठ बाजूला सारून यंत्राची नळी त्याच्या तोंडात खुपसली. तूऽऽऽऽऽ! भोंगा टोमॅटोसारखा लाल. यंत्र वाजलं. शून्य!

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाई हसू दाबत म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा छोटं गाणं निवडा."

बाहेर आल्यावर मी नाचायचीच बाकी होते. हा मात्र बुटाने कोर्टाची पायरी घासत उभा.

"काय झालं रे?"

"ताई, कुणाचा विश्वास नव्हता ना, तेव्हा रोज वाटायचं, प्यायलो काय नि नाही काय." त्याचे डोळे भरून आले. "आता सगळ्यांना खरं वाटलं गं. आता कशी पिऊ?"

"मेल्या!" म्हणत मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरलं.