पत्र्यावरचे दगड खाटेखाली

आमच्या शेजारचे नागनाथभाऊ चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन हायत. जल्म राखणीत गेला. तितं साहेबाच्या गाडीची डिकी तपासत्यात आन् घरी आले की बायकोची पिशवी. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, चार पावलं गेले की माघारी येऊन परत एकदा. त्यांची बायको विठाबाई म्हणायची, "लगीन करताना मला तरी एवढं तपासलं हुतं का?" माणूस वाईट न्हाय. पण इश्वास कुनावर म्हणून न्हाय, आन् माझ्यावर तर न्हायच, कारण माझी शेरडं त्यांच्या दारातली मेथी खात्यात. आता मेथी कुनाची हाय ते शेरडाला कसं कळंल?

त्यांची एकुलती एक पोरगी चैताली दवाखान्यात नर्स हाय. मे महिन्यात तिचं लगीन ठरलं. ती म्हणाली, "पप्पा, मी सासरी गेले की आपण तिघं परत कदी जाणार? एकदा समुद्र बघून येऊ." भाऊंनी आयुष्यात रजा घेतली न्हवती, पण पोरीपुढं त्यांचं काय चालत न्हाय. लग्नाच्याच आठवड्यात मालवणला जायचं ठरलं.

निघायच्या दिशी सकाळी बघते तर भाऊ शिडी लावून घरावर. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या पत्र्यावर दगड असत्यात, वाऱ्यानं पत्रा उडू ने म्हणून. आन् हा बाबा एकेक दगड खाली उतरवत हुता.

"भाऊ, दगड का काढताय? वळवाचे दिवस हायत."

"मायाक्का, चोर कुलूप कशानं फोडतो? दगडानं. मग त्याच्यासाठी आपणच हत्यार घरावर ठिवायचं व्हय?"

"आन् पत्रा?"

"पत्र्याला खिळे हायत की."

सगळे दगड घरात नेले, खाटेखाली पेपर अंथरून रांगेत लावले. फाटकाला कुलूप, दाराला दोन, आतल्या कपाटाला एक. त्या कपाटात चैतालीची लग्नाची पांढरी साडी हुती. किल्ल्या करदोड्याला बांधल्या. मला किल्ली देणं सोडाच, "जरा लक्ष ठेवा" एवढं बी म्हणाले न्हाईत. मला लई राग आला. मनात म्हटलं, जावा, शेजारणीची गरज न्हाय ना तुमाला.

बुधवारी दुपारी वळीव सुटला. धुळीनं समोरचं घर दिसंना. भाऊंच्या घराचे खिळे जागेवर राहिले, पत्रे गेले. एक लिंबाच्या झाडात अडकला, एक माझ्या शेरडांच्या दारात येऊन पडला. मागनं गारा आन् पाऊस. मला एकच सुचलं, साडी. लगीन रविवारी, आन् कपाट उघड्या आभाळाखाली. विठाबाईला फोन लावला तर बंद. पुढं कळलं, भाऊंनी सगळ्यांचे फोन बंद करून पिशवीत घातले आन् पिशवी लॉजच्या कपाटात ठिवलेली आन् त्या कपाटाला बी आपलं कुलूप घातलेलं.

माझा मालक जोतिराम भिंतीवर चढून आत उतरला. आदी बुद्धांचा आन् बाबासाहेबांचा फोटो सदऱ्याखाली घालून त्यानं माझ्या हातात दिला. मग आतनं म्हणाला, "कपाट भिंतीवरनं न्हाय यायचं. दार उघडाय पायजे. कुलपं फोड."

"कशानं फोडू?" गल्लीतला समदा दगड पत्र्यांवर, आन् असल्या वाऱ्यात आपल्या घरावरचा दगड कोन काढंल?

"थांब," जोतिराम म्हणाला, "हितं खाटेखाली लई हायत."

त्यानं भिंतीवरनं दगड दिला, मी कुलपांवर घातला. आदी फाटकाचं पडलं, मग दाराची दोन्ही बी. खोटं कशाला बोलू, माझा राग बी त्या घावांत निघाला. गल्लीतल्या चौघांनी कपाट उचलून आमच्या घरात आणलं. घरात जागा उरली न्हाय. शेरडं पडवीत गेली आन् आमी नवराबायको कपाटाला पाठ लावून झोपलो.

शुक्रवारी तिघं आले. भाऊंना फाटकाशी फुटकं कुलूप दिसलं. घरावर पत्रा न्हाय हे त्यांच्या ध्यानातच आलं न्हाय. कुलूप हातात घेऊन, "चोरी झाली," म्हणाले आन् मटकन खाली बसले. विठाबाईनं वर बघितलं. "अवो, चोरानं पत्रे बी नेले का?"

चैताली आत पळाली. कपाटाच्या जागी चिखल. पोरगी बाहेर आली ती पांढरीफटक पडून.

"चैताली, हिकडं ये," मी हाक मारली. "कपाट माझ्याकडं हाय. उघडलं न्हाय, किल्ली पप्पांच्या कमरंला."

भाऊंना करदोड्याची गाठ सुटंना. शेवटी कपाट उघडलं. साडी कोरडी, घडी जशीच्या तशी. भाऊंनी तिच्यावर हात दाबून बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मायाक्का..." आन् सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. माझ्या बी डोळ्यात पाणी आलं, उगं कशाला लपवू.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कुलूप कशानं फोडलं?"

"तुमच्याच दगडानं."

भाऊ ताठ झाले आन् विठाबाईकडं वळले. "बग. मी म्हणत हुतो का न्हाय?"

चैताली रडत हुती ती हसाय लागली, आन् मग आमी सगळीच.

रविवारी लगीन वळसंगला, नवऱ्यामुलाच्या गावी. सगळी गल्ली टेम्पोत चढली, पांढऱ्या साडीत चैताली पुढं बसली, आन् भाऊंचा पत्ता न्हाय. मी बघायला गेले. घरावर ताडपत्री बांधलेली, दाराला कुलूप न्हाय. भाऊंनी दार ओढून घेतलं हुतं आन् कुलपं फोडलेला तोच दगड दाराला लावत हुते.

"काय भाऊ, चोराच्या हातात हत्यार देताय व्हय?"

"दार वाऱ्यानं आपटू ने म्हणून," ते म्हणाले. "गल्लीतलं कुनी आलंच तर सरकवंल की."

चार पावलं चालले. आता माघारी येतील म्हणून मी थांबले. ते तसेच पुढं गेले आन् चैतालीच्या शेजारी जाऊन बसले.