यंत्राची काळजी

इंदिरानगरात आमच्या ऑफिसच्या गच्चीवर हवेतली बारीक धूळ मोजणारं यंत्र बसवलं होतं. गच्चीची किल्ली सिन्नरहून येणाऱ्या एका शिपायाकडे असायची. त्याच्या नाकावर कायम रुमाल, आणि खोकल्याशिवाय एक वाक्य पुरं होत नसे. दर महिन्याला आमची हवा स्वच्छ निघायची आणि मी ते पाहुण्यांना ऐटीत सांगायचो.

एकदा वर गेलो, तर हा शिपाई ते यंत्र प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून वरून सुतळी बांधत होता.

“हे काय चाललंय, मामा?”

“लय महागाची वस्तू हाय, साहेब. आत धूळ गेली तर खराब व्हईल. तपासणीवाले यायच्या आधी सोडतो की.”

एवढं बोलून तो बराच वेळ खोकत राहिला.

मला पुढचे पाहुणे आठवले. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं.